फौजेतून परतल्यावर धुराडी साफ करण्याचा धंदा : कोकणातल्या माजी सैनिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सतरा वर्षं पायदळात होतो, हवालदार म्हणून घरी आलो. गेली सात वर्षं वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत, कधी रत्नागिरीपर्यंत, बेकऱ्यांची धुराडी, हॉटेलांचे एक्झॉस्ट डक्ट (स्वयंपाकघरातला धूर बाहेर नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्या) आणि घरगुती चिमण्या साफ करतो. सुट्टीवर आलेले जवान, पेन्शनीला सहा महिने उरलेले नाईक-हवालदार, कधी त्यांच्या घरच्या बाया असे बरेच जण या कामाबद्दल विचारतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहिलं आहे. दर आणि खर्च माझे आहेत, तुमच्या गावात थोडे इकडेतिकडे होतील.

कोकणात धुराडी आहेत तरी कुठे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो बरोबर आहे. आपल्या जुन्या घरांना धुराडं नसायचंच. चुलीचा धूर माळ्यावरून कौलांच्या फटीतून बाहेर जायचा. जाता जाता वाशांना कीड लागू द्यायचा नाही, वर टांगलेलं बियाणं आणि सुकी मासळी राखायचा. त्या घरात साफ करायला काजळी होती, पण ती दिवाळीआधी घरचीच माणसं झाडूने काढायची.

आज काम आहे ते दुसरीकडे. लाकडावर चालणाऱ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या बघा : रत्नागिरी, खेड, चिपळूण, श्रीवर्धन, मुरुड, जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या बाजारात एखादी तरी सापडते. काजूचे कारखाने आहेत, वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यात तर खूप. आंब्याच्या कॅनिंगचे बॉयलर आहेत. सिंधुदुर्ग १९९७मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि नंतरच्या वर्षांत मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, हर्णै, दिवेआगर, अलिबाग या पट्ट्यात खानावळी, होमस्टे, रिसॉर्ट वाढत गेले. मासे तळणाऱ्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या डोक्यावर धूर गोळा करणारा एक हूड, हूडामागे पत्र्याचा डक्ट आणि डक्टाच्या टोकाला धूर ओढणारा पंखा, म्हणजे ब्लोअर असतो. त्या डक्टात तेल साचतं, आणि बहुतेक मालकांनी तो बसवल्यापासून एकदाही उघडून बघितलेला नसतो. अलिबागकडच्या बंगल्यांत आता लाकडावरचे पिझ्झा ओव्हनही आलेत. शिवाय गावागावातल्या फ्लॅटमधल्या किचन चिमण्या.

म्हणजे विलायतेतल्या चित्रातला उंच टोपी घातलेला चिमणीवाला विसरा. कोकणात हे काम अर्धं काजळीचं आहे आणि अर्धं तळणाच्या तेलाचं.

फौजेतल्या नोकरीचा याच्याशी संबंध काय?

ज्याने द्रास, कुपवाडा, लडाख किंवा सिक्कीमच्या वरच्या पोस्टवर हिवाळा काढलाय, त्याला बुखारी समजावून सांगावी लागत नाही. रॉकेलवर नाहीतर लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी, आणि तिचा पाइप बंकरच्या छतातून बाहेर काढलेला. तो पाइप काजळीने चोंदला किंवा वरून बर्फाने बुजला की धूर आत फिरतो, आणि धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. म्हणून आमच्या पोस्टवर बुखारीचा पाइप काढून झटकणं हा फटीक, म्हणजे वरकड अंगमेहनतीचं काम नव्हतं, ड्युटी होती. रात्री बुखारी चालू असेल तर पहाऱ्यावरच्या संत्रीने दार उघडून आतल्या माणसांना हाक मारायची, हा नियम होता.

मी पहिल्यांदा एका होमस्टेची चिमणी साफ करायला गेलो तेव्हा बाथरूममध्ये गॅस गिझर बघितला. खिडकी बंद, वर एक्झॉस्ट नाही. मला एकदम पोस्ट आठवली. मालकाला म्हटलं, चिमणीचे पैसे नंतर द्या, आधी हा गिझर बाहेर पडवीत काढा. त्याला वाटलं मी काम वाढवतोय. मी स्वतः प्लंबर बोलावून तो हलवून घेतला. वायूचा धोका न दिसता ओळखायची ही सवय बाजारात विकत मिळत नाही. तुम्हाला ती फुकट मिळाली आहे.

बाकी गोष्टी तुम्ही स्वतःच ओळखाल. उंचीवर दोराने चढणं, अंधाऱ्या अरुंद जागेत न घाबरणं, सामान मोजून नेणं आणि मोजून परत आणणं, काम संपल्यावर जागा होती त्यापेक्षा स्वच्छ सोडणं. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बोलावतं ते या शेवटच्या सवयीमुळे.

माझा ट्रेड वेगळा होता. चालेल का?

चालेल. लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, कुक असाल तर हॉटेलवाल्याशी तुमची भाषा लगेच जुळेल. इएमई (फौजेची यंत्रदुरुस्ती शाखा), सॅपर्स (इंजिनिअर पलटणी) किंवा नौदलाच्या इंजिनरूममधले असाल तर ब्लोअर, मोटार, बेअरिंग तुम्हीच दुरुस्त कराल आणि तिथे वेगळे पैसे मिळतील. क्लार्क असाल तर हिशेब आणि पत्रव्यवहार चोख राहील. आम्हा पायदळवाल्यांची रड असते ती तिथेच.

प्रत्यक्ष काम काय असतं?

तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींचा मळ वेगळा.

बेकरीची भट्टी. लाकूड ओलं असेल तर ते नीट जळत नाही, धुरातला डांबरासारखा भाग थंड धुराड्याच्या भिंतीवर बसतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. आधी तो पावडरीसारखा असतो, ब्रशने निघतो. मग चकचकीत कडक पापुद्रा होतो, तो खरवडावा लागतो. आणि तो पेट घेतो. धुराड्यातल्या आगीचा आवाज लांबून गाडी येतेय असा वाटतो. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असावा असं सांगतात. कोकणात जुलैमध्ये ते जमत नाही, म्हणून पावसाळ्यात काजळी दुप्पट वेगाने साचते. भट्टीची जाड भिंत थंड व्हायला दीड-दोन दिवस लागतात, तेवढा वेळ बेकरीवाल्याकडून मागून घ्यावाच लागतो. वरून दोर, वजन आणि ब्रश सोडायचा, किंवा खालून ड्रिलला लावायचे लवचिक रॉड चढवायचे. आधी मात्र टॉर्च मारून आत काय राहतंय ते बघायचं. पावसाळ्यानंतर बंद धुराड्यात गांधीलमाशांची पोळी, पाकोळ्यांची घरटी मला मिळाली आहेत, एकदा उदमांजराची पिल्लंही. पिल्लं असतील तर ती मोठी होऊन जाईपर्यंत मी काम पुढे ढकलतो.

हॉटेलचा डक्ट. हे सगळ्यात घाणेरडं आणि सगळ्यात जास्त पैशाचं काम. कढईतली ज्वाला वर गेली, फिल्टरवरच्या तेलाला लागली की ब्लोअरच ती आग डक्टात ओढून नेतो. अमेरिकेतल्या एनएफपीए ९६ या आग-सुरक्षेच्या मानकात लाकूड-कोळशावरच्या स्वयंपाकासाठी दर महिन्याला, दिवसभर जोरात चालणाऱ्या स्वयंपाकघरासाठी दर तीन महिन्यांनी आणि मध्यम कामासाठी दर सहा महिन्यांनी डक्ट तपासायला सांगितला आहे. सीझनमधली मालवणी खानावळ तीन महिन्यांच्या गटातच बसते, मी मालकांना तेच सांगतो. गॅस बंद, वीज बंद, खाली प्लास्टिक, मग खरवडणं, मग डिग्रीझर (तेल सोडवणारं रसायन), मग गरम पाण्याचा मारा. निघालेलं तेल-पाणी डब्यात भरून बाहेर न्यायचं. व्हाळात (ओढ्यात) किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही, कितीही घाई असो. हॉटेलवाल्याच्या विहिरीचं पाणी शेजारची चार घरंही पितात.

घरगुती चिमणी. स्टीलचे बॅफल फिल्टर गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्यात बुडवले की निघतात. पण ॲल्युमिनियमची जाळी त्यात कधीही टाकू नका, सोडा ॲल्युमिनियम खातो, जाळी काळी पडते आणि गिऱ्हाईक तुमच्याकडून नवीन मागतं. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर नाही. डोळ्यांवर गॉगल लावल्याशिवाय बादलीला हात लावायचा नाही.

काजूच्या कारखान्याचं काम या तिन्हीपेक्षा वेगळं आहे. काजूच्या टरफलात तेल असतं आणि ते कातडीला फोड आणतं. कारखान्यातल्या बाया म्हणूनच हाताला तेल चोळून बसतात. टरफलं जाळणाऱ्या भट्टीच्या धुराड्यातली काजळी चिकट असते, साध्या काजळीसारखी झटकत नाही. तिथे मी पूर्ण अंग झाकल्याशिवाय जात नाही आणि दर जास्त लावतो. पहिल्या वर्षी हे काम घेऊ नका.

शिकायचं कुठे?

जर्मनीसारखा तीन वर्षांचा रीतसर शिकाऊ मार्ग आपल्याकडे नाही. म्हणून तुकड्या-तुकड्याने शिकावं लागतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षात डायरेक्टरेट जनरल रिसेटलमेंटचे, म्हणजे निवृत्त होणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसन खात्याचे, कोर्स मिळतात. त्यात एसी-रेफ्रिजरेशन, फायर सेफ्टी, फॅसिलिटी मॅनेजमेंट यांपैकी काही मिळालं तर घ्या, डक्ट आणि ब्लोअर त्यातून कळतात. बरेच जण कोर्सची यादी आली की जे जवळ असेल त्यावर सही करतात. असं करू नका.

मग एक सीझन दुसऱ्याच्या हाताखाली काम करा. पणजी, कोल्हापूर, पुणे, मुंबई इथे डक्ट साफ करणाऱ्या कंपन्या आहेत, रात्रपाळीला माणसं नेहमी लागतात. हवालदाराने बावीस वर्षांच्या पोराच्या हाताखाली बादली धरायची, हे सुरुवातीला लागतं मनाला. मी चार महिने धरली. त्या चार महिन्यांत जे शिकलो त्यावर आज घर चाललंय.

भांडवल किती लागेल? कम्युटेशनचे पैसे घालू का?

घालू नका. हे मी मोठ्या आवाजात सांगतो. कम्युटेशन म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकदम आलेली रक्कम. ती आणि पीएफ हे घराचे पैसे आहेत. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो, तोवर हाती येणारी पेन्शन कमीच राहते. एक ओळखीचा माणूस पहिल्याच महिन्यात गरम पाण्याचं मोठं मशीन आणि टेम्पो घेऊन बसला. मशीन वर्षभर पडवीत ताडपत्रीखाली होतं.

माझं पहिलं सामान साठ हजारांच्या आत बसलं : रॉड आणि ब्रशांचा सेट, ओला-सुका व्हॅक्यूम, खरवडण्या, प्लास्टिकच्या शीट, डोक्याचा टॉर्च, मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा, कार्बन मोनॉक्साइडचा मीटर, फुल बॉडी हार्नेस, दोर, मास्क. सामान मोटारसायकलवर बांधून न्यायचो. प्रेशर मशीन पहिले सहा महिने भाड्याने आणलं. कॅमेऱ्यावर पैसे वाचवू नका. मालकाला त्याच्या डक्टातलं तेल मोबाइलवर दाखवलं की दराची घासाघीस निम्मी होते.

सरकारी कर्ज-अनुदान मिळतं का?

मिळतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक विशेष गटात येतात : स्वतःचा वाटा पाच टक्के, ग्रामीण भागात अनुदान पस्तीस टक्के, शहरी भागात पंचवीस. सेवा व्यवसायासाठी प्रकल्पाची मर्यादा वीस लाख आहे. योजना नव्या उद्योगासाठी आहे, त्यामुळे मंजुरीआधी मशीन खरेदी करून बसू नका. छोट्या रकमेसाठी मुद्रा कर्ज पुरतं. जिल्हा उद्योग केंद्रात जा, आणि त्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, कारण माजी सैनिकाचं ओळखपत्र आणि नोंदणी तिथली लागते. पुण्यातल्या मेस्कोकडेही (महाराष्ट्राचं माजी सैनिक महामंडळ) नाव नोंदवून ठेवा.

कागदपत्रं?

उद्यम नोंदणी मोफत आहे, स्वतः मोबाइलवर करा, एजंटला पैसे देऊ नका. मोजकीच माणसं असतील तर दुकाने अधिनियमाखाली फक्त सूचना द्यायची असते. सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी लागत नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली हॉटेलमालकाला आग-सुरक्षेचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं, आणि ते परवानाधारक एजन्सीच देते. आपण डक्ट साफ केला म्हणजे आपण ती एजन्सी होत नाही. कोणी म्हणेल, 'साहेब, तुम्ही फौजी, तुमची सही चालेल.' करू नका. केलेल्या कामाची तारखेसह पावती आणि आधी-नंतरचे फोटो द्या, एवढंच आपलं.

महिन्याला किती सुटतात?

घरगुती चिमणीचे मी सातशे ते बाराशे घेतो, बेकरीच्या धुराड्याचे तीन ते पाच हजार, हॉटेलच्या डक्टाचे लांबीनुसार दहा ते तीस हजार. पण महिन्याचा आकडा सांगणं मला पटत नाही, कारण हा धंदा महिन्यावर चालतच नाही, सणावर चालतो. गणपतीआधी चाकरमानी येणार म्हणून बेकऱ्या घाईत. रमजानआधी पुन्हा बेकऱ्या. दिवाळीच्या सुट्टीआधी आणि नाताळाआधी हॉटेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंब्याचे कॅनिंगवाले, कारण एप्रिल उजाडला की त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. मे महिन्यात कोणीही हॉटेल बंद ठेवून तुम्हाला आत घेणार नाही. पहिली दोन वर्षं पेन्शनीवर घर चालतं आणि धंद्यातले पैसे धंद्यातच जातात, असं धरून चला.

पावसाळ्यात काम बंद असतं का?

छपरावरचं बंद, आतलं चालू. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पर्यटक कमी असतात, त्यामुळे हॉटेलं मोकळी मिळतात. हा डक्टचा खरा सीझन. कौलांवर मात्र जून ते सप्टेंबर पाय ठेवायचा नाही. शेवाळलेलं कौल आणि तेल लावलेली फरशी यांत फरक नाही. कोरड्या दिवसांतही कौलावर सरळ पाय देऊ नका, छपराच्या आढ्यावरून दोर टाकून फळी बांधा आणि फळीवरून सरका.

वाऱ्याचंही लक्षात ठेवा. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगड किनाऱ्यावर आलं, त्यानंतर महिनाभर मी तिकडे धुराड्यांच्या टोप्या पुन्हा बसवत होतो. खारी हवा साधा पत्रा खाते. वरचा पाइप आणि खिळे-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच सुचवा, महाग पडले तरी.

धोके कोणते?

पडणं, गुदमरणं, भाजणं आणि काजळी.

काजळीबद्दल आधी बोलतो, कारण ती लगेच त्रास देत नाही म्हणून माणूस तिला घाबरत नाही. १७७५मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने दाखवून दिलं की चिमण्या साफ करणाऱ्यांना अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग काजळीमुळे होतो. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो असं पहिल्यांदा दाखवलं गेलं ते याच धंद्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने चिमणीवाल्यांच्या वाट्याला येणारी काजळी माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. म्हणून : तोंडाला रुमाल नव्हे, चेहऱ्यावर घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क. दाढी असेल तर मास्क बसत नाही, रोज सकाळी दाढी करायची सवय तुम्हाला आहेच. कामाचे कपडे पडवीतच उतरवायचे, घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, आंघोळ करूनच लेकराला उचलायचं. वर्षातून एकदा छातीची तपासणी. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड आहे, ते वापरा.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी एका हॉटेलात डक्टाच्या दारातून खांद्यापर्यंत हात आत घालून ब्लोअरच्या पात्यांवरचं तेल काढत होतो. स्विच मी बंद केला होता. पण बाहेर कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि आलेल्या वेटरने उकडतंय म्हणून पंख्याचा समजून तोच स्विच दाबला. पट्टा तेलाने घसरला म्हणून पंखा अर्धा सेकंद उशिरा फिरला. कोपरापासून मनगटापर्यंत बारा टाके पडले, हात राहिला. चूक त्या पोराची नव्हती. बंदूक साफ करायला घेताना आधी मॅगझिन काढून चेंबर बघणारा मी, इथे तेवढंही केलं नाही. तेव्हापासून फ्यूज काढून माझ्या खिशात असतो, स्विचवर लाल पट्टी असते, आणि एक माणूस बाहेर उभा असतो. एकट्याने हे काम मी कितीही पैसे मिळाले तरी घेत नाही.

पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा आहे. हाताखालच्या पोरांचा हप्ता तुम्ही भरा.

घरचे म्हणतात, सतरा वर्षं वर्दी घातली आणि आता सफाईचं काम करणार?

माझी आई म्हणाली होती, 'आता ह्या वयात धुराडी साफ करतलंस?' आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. वडील काही बोललेच नाहीत. मुलीच्या लग्नाचं बघताना पाहुण्यांना काय सांगायचं, हा प्रश्न बायकोने विचारला, आणि तो खोटा नव्हता. आपल्याकडे 'सफाई' म्हटलं की माणसं काम बघत नाहीत, करणाऱ्याची जात शोधतात. फौजेत आपण एका लंगरमध्ये जेवलो, एका बंकरमध्ये झोपलो, आणि गावात परत आल्यावर हे पुन्हा समोर येतं. याच कोकणात, दापोलीला, १८८६मध्ये फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी पेन्शनीवर राहून अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. दापोलीला आजही लोक कॅम्प दापोली म्हणतात, तिथून जाताना मला ते आठवतात. गावाने ठरवलेल्या पायरीवर बसायचं नाही, हे धैर्य पेन्शनर सैनिकांनी आपल्या आधी दाखवलेलं आहे.

घरच्यांना मी भाषण दिलं नाही. आईला एका बेकरीत घेऊन गेलो. आमच्या लहानपणापासून तिथूनच पाव येतो. साफ करण्याआधी भट्टीवाल्याचे डोळे कसे लाल असायचे आणि नंतर धूर सरळ वर कसा जायला लागला, ते तिने स्वतः बघितलं. परत येताना म्हणाली, 'त्या पोराचो खोकलो तरी थांबतलो.' त्यानंतर तिने विषय काढला नाही. पाहुण्यांना आम्ही जे आहे तेच सांगितलं. एका घराने नकार दिला. दुसऱ्याने दिला नाही, आणि आज जावई सुट्टीला आला की माझ्यासोबत छपरावर येतो.

लाज वाटत असेल तर हे काम घेऊ नका, पण ती तुमची स्वतःची आहे की दुसऱ्याने दिलेली, हे आधी तपासा.

अग्निवीर म्हणून चार वर्षांनी परत आलो तर?

तुमचं गणित वेगळं आहे. जून २०२२मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत पेन्शन नाही, सेवानिधी (चार वर्षांनी मिळणारी एकरकमी रक्कम) आहे, आणि पुढे कायम होणारे पंचवीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे पहिली दोन वर्षं पेन्शनीवर काढण्याचा माझा मार्ग तुम्हाला नाही. पण वय तुमच्या बाजूने आहे. सेवानिधी बँकेत ठेवा, दोन वर्षं एखाद्या डक्ट कंपनीत पगारावर काम करा, जमलं तर सोबत आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा एसी-रेफ्रिजरेशन करा. पंचविशीत तुमच्या हातात जे असेल ते आम्हाला पंचेचाळिशीत मिळालं.

कोणती कामं नाकारावीत?

'आलाच आहात तर सेप्टिक टँकही बघा' असं हॉटेलवाले हमखास म्हणतात. २०१३च्या कायद्याने टाकीत किंवा गटारात संरक्षणाशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी उतरलो नसतो, कोणाला उतरवलं नसतं. त्या टाकीतला वायू बुखारीपेक्षा वाईट. बॉयलरच्या आतलं कामही नाही, ते बॉयलरचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाचं. आपण फक्त बाहेरचं धुराडं, तेही आग विझून बॉयलर गार झाल्यावर.

आणि लहान पोरगं बारीक आहे, आत जाईल, असं कोणी सुचवलं तर तिथून उठून या. विलायतेत हेच शतकभर चाललं. चार-पाच वर्षांची मुलं चिमण्यांत चढवली, कायद्यामागून कायदे झाले, ते कोणी पाळले नाहीत, शेवटी १८७५मध्ये चिमणीवाल्यांना पोलिसांचा परवाना सक्तीचा केला तेव्हा ते थांबलं. आपल्याकडे अठराच्या खालच्या कोणालाही अशा कामाला लावू नये.

परदेशात या कामाला मागणी आहे असं ऐकलं. जावं का?

जर्मनीत हा मानाचा धंदा आहे. काळा पोशाख, उंच टोपी, आणि नव्या वर्षात चिमणीवाला दिसला की शुभ मानतात. पण तिथे आधी तीन वर्षांचं शिक्षण, मग मास्टरची परीक्षा, आणि सरकारी तपासणीचा विभाग सात-सात वर्षांसाठी नेमून दिला जातो. सगळं जर्मन भाषेत. पंचविशीतला अग्निवीर भाषा शिकून प्रयत्न करू शकतो. चाळिशीतल्या हवालदाराला मी सांगणार नाही.

लाकडाच्या भट्ट्याच बंद झाल्या तर?

होतील हळूहळू. मुंबईत २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना गॅस किंवा विजेकडे वळायला सांगितलं गेलं. आज ना उद्या ते इकडे येईल, आणि आलेलं चांगलंच, त्या धुरात काम करणाऱ्यांची छाती मी जवळून बघितली आहे. म्हणून फक्त भट्टीवर धंदा उभा करू नका. तळण मात्र थांबणार नाही, गॅसवर तळलं तरी तेल वर जातंच.

गुडघे गेले आहेत, पाठीला त्रास आहे.

छपरावर जाऊ नका. घरगुती चिमण्या आणि ब्लोअर दुरुस्ती बसून होते. किंवा तुम्ही तपासणी आणि हिशेब बघा, वर दुसरा माजी सैनिक जाऊ दे. आमच्याकडे फोन, तारखा आणि उधारी माझी बायको सांभाळते. उधारी वसूल करण्यात ती माझ्यापेक्षा कडक आहे, त्यामुळे आता कोणी बुडवत नाही.

पहिलं काम कसं मिळवू?

जाहिरात नको. तुमच्या घरी ज्या बेकरीचा पाव येतो तिथे सकाळी जा, मालकाला नमस्कार करा आणि धुराडं शेवटचं कधी साफ केलं ते विचारा. पैशाचं बोलू नका. परवानगी मिळाली तर कॅमेरा आत सोडून त्याला दाखवा. पहिलं काम कमी पैशात करा, पण फुकट नको, फुकट केलेल्या कामाला कोणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. गणपतीच्या आधी दीड महिना जायचं, शेवटच्या आठवड्यात नाही. आणि भट्टी कोणत्या वारी विझवतात, ते आधी विचारून घ्या.